मोडीचे सोने

सराफाच्या पेढीवरील ‘मोड’ हा शब्द आपल्या कानांस इतका परिचयाचा आहे की, त्याच्या अर्थाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. जुना दागिना विकावयास नेला म्हणजे तो दागिना राहत नाही. त्याची मोड होते. सराफ तो कसोटीवर घासून पाहतो, खडे व लाख काढून टाकतो, डाखापोटी घट धरतो, आणि उरलेल्या सोन्याचा काय तो भाव करतो. ज्या कारागिरीने ते सोने एकेकाळी ठुशी किंवा वज्रटीक झाले, त्या कारागिरीस या हिशेबात स्थान नाही. एखाद्या घराने असा प्रसंग पाहावा, हे संसारात नवे नव्हे. परंतु एका अखंड देशाच्या गृहिणींचे दागिने काही वर्षे सतत मोडीत निघत राहावे, असा काळ आपल्या इतिहासात येऊन गेला आहे. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असा आमचा हेतू आहे.

प्रथम धर्मशास्त्र काय म्हणते ते पाहू. विवाहात व माहेराहून मिळालेले अलंकार हे स्त्रीधन होय, आणि त्यावर पतीची सत्ता नाही, असा सर्वसाधारण नियम. याज्ञवल्क्य स्मृतीने त्यास मोजके अपवाद सांगितले आहेत. दुष्काळ, आवश्यक धर्मकार्य, व्याधी आणि अटकाव, या चार प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्यास तो बांधलेला नाही. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आपल्याच सीमाभागात, लिहिली, हे येथे स्मरणीय आहे. शास्त्रकारांच्या दृष्टीने अंगावरचे सोने ही केवळ शोभा नव्हती. ती संकटकाळची शेवटची शिदोरी होती.

ही शिदोरी सोडण्याची वेळ १९३१ साली आली. त्या साली सर्वत्र अवर्षण नव्हते; शेते पिकली होती. दुष्काळ पडला होता तो भावाचा. १९२९ च्या जागतिक मंदीनंतर दोन-अडीच वर्षांत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. कापूस, ज्वारी, भुईमूग, काहीही बाजारात न्यावे आणि अर्ध्या पैशांनिशी परतावे. सारा मात्र रोखीने भरावयाचा. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत तो साधारणतः तीस वर्षांसाठी ठरलेला असे. म्हणजे बेळगावच्या शेतकऱ्यास तोच सारा भरण्यासाठी पूर्वीच्या दुप्पट धान्य विकणे प्राप्त झाले. सावकाराच्या व्याजाचीही तीच कथा.

याच सुमारास, २१ सप्टेंबर १९३१ रोजी, ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. रुपया मात्र सरकारने पौंडाशी एक शिलिंग सहा पेन्स या दराने जखडूनच ठेवला. हा दर रयतेस जाचक होईल, असे भिन्नमत सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी १९२६ च्या हिल्टन-यंग आयोगातच नोंदविले होते. पौंड घसरला, त्याबरोबर रुपयाही घसरला, आणि सोन्याचा भाव चढला. १९२७ च्या चलन कायद्याने चोख सोन्याचा तोळा २१ रुपये ३ आणे १० पै इतका ठरला होता. वर्षअखेरीस तो तीस रुपयांच्या घरात जाऊन पोहोचला.

मग प्रवाह सुरू झाला. खेड्यातील पाटल्या, गोठ, सरी व बोरमाळा गावच्या सोनाराकडे किंवा सावकाराकडे आल्या. तेथून त्या तालुक्याच्या पेठेत, पेठेतून मुंबईस गेल्या. मुंबईत त्या वितळून त्यांच्या लगडी झाल्या, आणि आगबोटींनी लंडनच्या वाटेस लागल्या. १९३१-३२ या एका आर्थिक वर्षात सुमारे ५८ कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले. १९३७ च्या मार्चपर्यंत हा आकडा सुमारे ३०० कोटींवर गेला. इंग्रजीत या सोन्यास विपत्तीचे सोने असेच नाव पडले.

निर्यातीवर बंदी घालावी, अशी मागणी भारतीय व्यापाऱ्यांनी व राष्ट्रीय पुढाऱ्यांनी केली. अर्थसदस्य सर जॉर्ज शुस्टर यांच्या खात्याने ती मानली नाही. लोक स्वखुशीने विकत आहेत, एकवीस रुपयांना घेतलेले सोने तिसास जात आहे, तेव्हा हा नफाच होय, असा सरकारी पक्ष होता. त्यात तथ्य मुळीच नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या तिजोरीत लगडी होत्या व ज्यांना थांबणे शक्य होते, त्यांना लाभ झालाच. परंतु साऱ्याच्या हप्त्यासाठी पाटली मोडणाऱ्या कुटुंबाची स्वखुशी कसली? त्यास मुंबईचा भाव मिळत नव्हता. मधल्या प्रत्येक पायरीवर घट व दलाली वजा होत होती. हाती आलेली रक्कमही घरात राहिली नाही. ती साऱ्यात व व्याजात गेली. पुढे दिवस पालटल्यावर तीच पाटली पुन्हा करावयाची तर १९३५ च्या सुमारास तोळा ३५ रुपयांवर गेलेला, आणि घडणावळ निराळी. इकडे हिंदुस्थान सरकारची लंडनमधील देणी मात्र या सोन्याच्या आधारे सुखाने भागली, आणि अडचणीत आलेल्या लंडनच्या पेढ्यांनाही हातभार लागला.

या घटनेस आणखी एक बाजू आहे. भारतवर्ष रोमचे धन शोषून घेते, अशी तक्रार प्लिनीने पहिल्या शतकात केली होती. तेव्हापासून पश्चिमेचे सोने आपल्या मालाच्या मोबदल्यात इकडे येत राहिले. आपल्या पुतळ्यांच्या माळेतील पुतळी हे मूळचे व्हेनिसचे नाणे. त्या परक्या मुद्रेस आपल्या सोनाराने कडी जोडली, आपल्या गृहिणीने ती लक्ष्मीरूप मानून गळ्यात घातली. शतकानुशतके जमलेले ते सोने सहा वर्षांत उलट दिशेने वाहिले; आणि जाताना त्यावर मुद्रा नव्हती, घाट नव्हता, कोणा आजीचे नाव नव्हते. लगडीस फक्त वजन व कस असतो.

स्वराज्यातही दागिन्यावर एक प्रसंग आला. चिनी आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्णनियंत्रणाच्या नियमांनी १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली. गोमंतक मुक्त होऊन तेव्हा जेमतेम तेरा महिने झाले होते. चौदा कॅरटची ही अट १९६६ साली उठली, नियंत्रणाचा कायदा १९९० साली रद्द झाला. पण मधल्या काळात अनेक सोनारांच्या हातातील हातोडी सुटली ती सुटलीच. १९३१ मध्ये घडलेला दागिना गेला, १९६३ मध्ये घडविणारा गेला. दोन्ही वेळी सत्तेच्या हिशेबवहीत सोन्याचे वजन तेवढे मांडलेले होते.

अडचणीत सोने मोडणे यात कमीपणा नाही. शास्त्राने ते मान्यच केले आहे. परंतु मोडण्यापूर्वी त्याची नोंद ठेवणे आपल्या हाती आहे. दागिन्याचे नाव, तोळे-मासे, तो कोणी कोणास घातला आणि कोणत्या सोनाराने घडविला, एवढे चार शब्द आणि जमल्यास एक छायाचित्र घरच्या वहीत राहावे. देवस्थानच्या जामदारखान्यातील जुने अलंकार नवे करण्यासाठी मोडताना तर महाजनांनी व विश्वस्तांनी हे कर्तव्यच मानावे. १९३१ साली जे गेले त्याचे वजन सरकारी तक्त्यांत सापडते. त्यांपैकी एकाही ठुशीचा घाट त्या तक्त्यांत सापडत नाही.