डार्विनच्या घरची पोरंबाळं आणि पॉली

आमच्या घरात सध्या दोन मुलं, एक कुत्रा, दीड मांजर, चार बजरीगर आणि माशांची एक टाकी आहे. दीड मांजर म्हणजे एक आमची आणि एक शेजारच्यांची, जी फक्त जेवायला येते. या गोतावळ्यात शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडून काही करावं म्हटलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

तर परवाच्या शनिवारी चिरंजीव (वय साडेचार) बंड्याच्या पाठीवर डोकं टेकून लोळत होते. एकदम म्हणाले, "बाबा, बंड्याला आबा आठवतात?"

आबा म्हणजे माझे वडील. जूनमध्ये गेले. बंड्या खरं तर त्यांचाच. सकाळी साडेसहाला "चल रे भाऊ, निघू" अशी हाक आली की हा उठलाच. आबा गेल्यावर आठ-दहा दिवस हा दाराशी बसून असायचा, मग बसायचा थांबला. मी आपलं "हो, आठवतात ना" म्हणून वेळ मारून नेली. तर कन्यारत्न (वय नऊ) तिकडून म्हणालं, "तुला कसं माहीत?" पोरगी पुढे टेस्टिंगमध्ये जाणार, नक्की.

मला माहीत नव्हतं. पण या प्रश्नावर एका माणसाने आयुष्यातली पुष्कळ वर्षं घालवली आणि तीही पोराबाळांनी, कुत्र्यांनी, कबुतरांनी भरलेल्या घरात बसून, एवढं आठवत होतं. मग काय, वीकेंड डार्विनमध्ये गेला. शाळेत डार्विन म्हणजे जहाज, बेटं आणि पांढरी दाढी. पण जहाजावर तो पाच वर्षंही नव्हता. लंडनपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या डाउन नावाच्या खेड्यातल्या घरात तो १८४२ ते १८८२ अशी चाळीस वर्षं राहिला, आणि बहुतेक सगळं काम तिथूनच केलं. २०२० मध्ये आपण घरून काम करायला लागलो तेव्हा काय तो गाजावाजा झाला. हा गृहस्थ पावणेदोनशे वर्षांपूर्वीपासून तेच करत होता.

लग्न जानेवारी १८३९ मधलं, एमा वेजवूडशी. ही त्याची सख्खी मामेबहीण. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न यात कुणाला नवल वाटत नाही, पण डार्विनला पुढे याच गोष्टीने फार छळलं. ते पुढे येईलच. सतरा वर्षांत दहा मुलं झाली. (एमाबाईंना साष्टांग नमस्कार. घरात बटलर, दाई, स्वयंपाकीण, माळी असा सगळा बारदाना होता आणि पैशाची ददात नव्हती हे खरं, पण दहा बाळंतपणं काही बटलरने केली नाहीत.)

थोरला विल्यम डिसेंबर १८३९ चा. बापाने पहिल्या दिवसापासून वही घातली. बाळ पहिल्यांदा कधी दचकलं, कधी रागावलं, आरशातल्या स्वतःला बघून कधी हसलं, सगळं टिपून ठेवलं. यात एक गंमत आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १८३८ मध्ये, डार्विन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जेनी नावाच्या ओरांगउटान मादीला बघायला गेला होता. रखवालदाराने सफरचंद दाखवलं आणि दिलं नाही, तर ती हट्टी पोरासारखी पाठीवर पडून हातपाय झाडत रडायला लागली. ते दृश्य ज्याच्या डोक्यात आहे तो बाप झाल्यावर पाळण्याकडे कसा बघेल? विल्यमच्या नोंदी त्याने ३७ वर्षांनी, १८७७ मध्ये, लेख म्हणून छापल्या. आमच्याकडे मुलांचे फोनमधले फोटो अजून एकदाही लावून झालेले नाहीत. असो.

डाउनमधल्या घराच्या आठवणी मुलांनीच मोठेपणी लिहून ठेवल्या आहेत. वडिलांच्या अभ्यासिकेत मुलं कात्री, दोरा, पट्टी असलं काहीबाही मागायला सारखी घुसायची. आजारी पोराला तिथल्याच सोफ्यावर पांघरूण घालून झोपवायचे, वडील काम करत असले की त्याला बरं वाटायचं. चार वर्षांच्या एका पोराने तर कामाची वेळ सोडून खेळायला यावं म्हणून बापाला सहा पेन्स लाच देऊ केली! जिन्यावरून घसरायला लाकडी फळी होती. मुलांना कोऱ्या कागदांची टंचाई होती की कागद पाठकोरे म्हणजे मुलांचेच असा नियम होता कोण जाणे, पण त्याच्या जगप्रसिद्ध ग्रंथाच्या हस्तलिखिताच्या काही पानांमागे पोरांची चित्रं आहेत. एकात गाजरावर आणि वांग्यावर स्वार झालेले सैनिक लढताहेत. हस्तलिखिताची बहुतेक पानं गेली, जी थोडी उरली त्यातली काही या चित्रांच्या पुण्याईवर उरली.

आणि ही पोरं नुसती लुडबुडत नव्हती, कामाला जुंपलेली होती. डार्विनने १८४६ पासून आठ वर्षं बार्नकल या प्राण्यांवर घालवली. हे खडकांना आणि जहाजांच्या बुडाला चिकटणारे बारके कवचधारी जीव. सगळे बाप हेच करतात अशी मुलांची समजूत झाली होती. शेजारच्या एका गृहस्थांबद्दल एका पोराने निरागसपणे विचारलं की मग ते त्यांचे बार्नकल कुठे करतात? (माझ्या मुलाला सगळे बाबा दिवसभर हेडफोन लावून "कॅन यू हिअर मी" म्हणतात असं वाटतं. तसंच.)

१८५४ मध्ये नऊ वर्षांच्या जॉर्जच्या लक्षात आलं की बंबलबी, म्हणजे आपल्या भुंग्याची केसाळ विलायती भावंडं, झाडाच्या बुंध्याशी एका ठराविक भोकापाशी येऊन घोंगावतात आणि पुढे जातात. मग डार्विनने पाच-सहा पोरांना कुंपणाच्या कडेने एकेका जागी उभं केलं. माशी आली की ज्याच्या हद्दीत आली त्याने ओरडायचं. अशा रीतीने नर माश्यांचा ठरलेला मार्ग त्यांनी शोधून काढला. आजच्या भाषेत सांगायचं तर सहा सेन्सरचं नेटवर्क, फक्त त्यातला एखादा सेन्सर मधेच शू लागली म्हणून घरी जाणारा.

आता कबुतरं. १८५५ मध्ये त्याने बागेत कबुतरखाना बांधला आणि बारा वर्षांची हेन्रिएटा आणि तो, दोघं त्यात रमले. लंडनमधल्या कबुतरवाल्यांच्या दोन क्लबांचा सभासद झाला. जगभरातून कातडी मागवली. भारतातून वॉल्टर एलियटने पाठवली, जो आधी धारवाडकडे आणि मग मद्रासला अधिकारी होता. आपला लक्का, आपला लोटन (जमिनीवरच कोलांट्या मारतो तो) डार्विनला ठाऊक होते. अकबराच्या लवाजम्याबरोबर वीस हजार कबुतरं असत हा आईन-ए-अकबरीतला उल्लेखही १८५९ च्या ग्रंथात आहे. त्याचं म्हणणं असं की इतकी वेगवेगळी दिसणारी ही सगळी मंडळी एकाच रानकबुतराची लेकरं, माणसाने निवडून निवडून अशी केलेली. माणसाला काही शतकांत एवढं जमतं, तर निसर्गाला लाखो वर्षांत काय जमणार नाही?

पण हे सिद्ध करायला पिल्लं मोजावी लागत. अंड्यातून बाहेर पडून बारा तासही झाले नाहीत अशी पिल्लं. मोजायची म्हणजे आधी मारायची. ज्यांना सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायचं, ज्यांच्यावर लेकीचा जीव, त्यांनाच. एका पिल्लाला मारल्यावर चुलतभावाला लिहिलेल्या पत्रात तो खुनाची कबुली द्यावी तशा शब्दांत ते सांगतो. अर्धी थट्टा आहे, पण अर्धीच. हा भाग वाचताना मी पुस्तक जरा बाजूला ठेवलं.

त्या घरात मरण काही फक्त कबुतरांचं नव्हतं. दहातली तीन मुलं लहानपणीच गेली. दोन तान्ही होती. त्यातलं शेवटचं बाळ जून १८५८ मध्ये गेलं, वॉलेसचं ते प्रसिद्ध पत्र आल्यानंतर दहाएक दिवसांत. म्हणून १ जुलैला लंडनमध्ये दोघांचा सिद्धांत प्रथम वाचला गेला तेव्हा डार्विन तिथे नव्हता. आणि तिसरी ॲनी. दहा वर्षांची, त्याची सगळ्यांत लाडकी. २३ एप्रिल १८५१ ला मॉलव्हर्नला गेली. एमाला दिवस भरत आलेले, ती डाउनला अडकलेली, उशाशी एकटा बाप. आठवड्याभरात त्याने तिच्याबद्दल काही पानं लिहिली. प्रकाशनासाठी नाही, स्वतःसाठी. तीही निरीक्षणाची वहीच आहे एका अर्थी, जिने लिहायला बाळ उरलेलं नाही अशी.

आणि मग तो मामेबहिणीचा प्रश्न. जवळच्या नात्यातल्या संकराने झाडं दुबळी होतात हे त्याने बागेत हजारो रोपांवर पाहिलं होतं. आपली मुलं अशक्त निघाली ती आपल्या लग्नामुळे का? १८७१ च्या जनगणनेत आतेमामे-चुलत लग्नांबद्दल एक प्रश्न घालावा म्हणून त्याने खटपट केली, पार्लमेंटने तो फेटाळला. स्वतःच्या जखमेवर डेटा मागणारा माणूस! (त्याची तीन मुलं पुढे रॉयल सोसायटीचे फेलो झाली, हेही सांगून टाकतो.)

आता कुत्रे. डाउनला कुत्र्यांची रीघच होती. बॉब नावाचा मोठा कुत्रा फिरायला निघताना खुशीत असायचा. पण मालक वाटेत काचघराकडे वळला, म्हणजे आता झाडं बघत वेळ जाणार, की त्याचा चेहरा असा काही पडायचा की घरात त्याला "काचघरी चेहरा" असं नावच पडलं होतं. १८७२ मध्ये भावनांच्या आविष्कारावरचं पुस्तक आलं, त्यात बॉब आहे, स्वतःची मुलं आहेत, जेनीची भाऊबंद आहेत. माणूस आणि प्राणी यांच्या मनांतला फरक कमी-जास्तीचा आहे, जातीचा नाही, हे तो ठामपणे म्हणू शकला. माझं आपलं मत, पाळणा आणि कुत्रा एकाच खोलीत चाळीस वर्षं बघितल्याशिवाय हे वाक्य इतक्या सहज येत नाही.

पॉली मूळची हेन्रिएटाची, छोटी पांढरी टेरियर. १८७१ मध्ये हेन्रिएटा लग्न होऊन गेली आणि पॉली बापाला चिकटली. नाकावर ठेवलेलं बिस्कीट झेलायची. अभ्यासिकेत बांधाबांध दिसली की हा कुठे तरी निघालाय हे ओळखून कष्टी व्हायची. एकदा तिने त्याला इतकं चाटलं की एमाने लेकीला कळवलं, पॉलीला हल्ली तुझे वडील म्हणजे आपलंच एक भलंमोठं पिल्लू वाटतंय. :-)

याच हेन्रिएटाने १८७५ च्या सुरुवातीला जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्धचा अर्ज वडिलांपुढे ठेवला. डार्विनला त्या प्रयोगांचा विचारही सहन व्हायचा नाही. आपल्याला कापणाऱ्याचा हात चाटणाऱ्या कुत्र्याबद्दल त्यानेच लिहिलं होतं. तरी त्याने सही केली नाही. शरीरशास्त्र थांबलं तर माणसांचं नुकसान होईल असं तो म्हणाला, विनाकारण क्रूरता रोखणारा वेगळा कायदा व्हावा म्हणून धडपडला, नोव्हेंबरमध्ये आयोगापुढे साक्षही दिली. त्या दिवसांत पॉली पायाशीच असणार.

शेवटचा प्रयोग गांडुळांचा, १८८१ चं पुस्तक. गांडुळांना ऐकू येतं का? एमाने पियानो वाजवला, फ्रॅन्सिसने बसून वाजवलं (बसून हे वाद्याचं नाव आहे), आणि आईवेगळा छोटा नातू बर्नार्ड शिट्टी फुंकत होता. गांडुळं ढिम्म. कुंड्या पियानोवरच ठेवल्या तेव्हा मात्र कंपनांनी बिळात पळाली.

१९ एप्रिल १८८२ ला डार्विन गेला. त्याला गावातच पुरायचं घरच्यांच्या मनात होतं, पण देशाने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत नेलं. पॉली काही दिवसांतच आजारी होऊन गेली. तिला घरच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरली.

रविवारी रात्री मी मुलांना यातली एकच गोष्ट सांगितली. जहाजाच्या सफरीवर निघण्याआधी तरुण डार्विनचा वडिलांच्या घरी एक कुत्रा होता, अनोळखी माणसांवर धावून जाणारा. पाच वर्षं आणि दोन दिवसांनी परत भेट झाली तेव्हा डार्विनने मुद्दाम त्याची परीक्षा घेतली. तबेल्यापाशी जाऊन जुन्या पद्धतीने हाक मारली. कुत्र्याने आनंद वगैरे काही दाखवला नाही. फक्त उठला आणि मागोमाग फिरायला निघाला, जणू अर्ध्या तासापूर्वीच भेटले होते.

चिरंजीव खूश होऊन झोपले. कन्यारत्न विचार करत बसलं. मग म्हणाली, "आपण पण बघू या ना. तुझ्या फोनमध्ये आबांचं आहे की, चल रे भाऊवालं."

आहे. गेल्या दिवाळीतलं, अकरा सेकंदांचं. जूनपासून मी ते लावलेलं नाही. बंड्या टेबलाखाली झोपला होता. उद्या बघू, म्हटलं.