ऑसिलोस्कोपच्या पोटातली चांदी

विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप आपल्यातल्या अनेकांनी पुढे कॉलेजात हाताळला. टेक्ट्रॉनिक्स ही अमेरिकन कंपनी १९४६ साली पोर्टलंडला सुरू झाली. तिच्या १९५०च्या दशकातील ऑसिलोस्कोपमध्ये सुटे भाग सिरॅमिक पट्ट्यांवरच्या, चांदीचा थर दिलेल्या खाचांत जोडलेले असत. दुरुस्तीत नेहमीचे सोल्डर वारंवार वापरले की ती चांदी त्यात विरघळे आणि सांधा कच्चा होई. म्हणून यंत्राच्या आतच चांदीमिश्रित सोल्डरची छोटी गुंडाळी ठेवलेली असे. पुस्तिकेत पूर्ण सर्किट आणि ठिकठिकाणचे व्होल्टेज छापलेले असत. बिघाड शोधायचा तो त्यांच्याशी ताडून. यंत्र कधीतरी बिघडणार आणि कुणी अनोळखी माणूस ते उघडणार, हे निर्मात्यांनी मान्य केले होते. आज अनेक उपकरणांसोबत सर्किट मिळत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी मागून येणाऱ्यासाठी ती गुंडाळी ठेवावी.