पाळकांची पंडिताई आणि खानदेशची मंडळी

लोकांपासून दूर जाऊन विद्या मिळवावी, कीं लोकांत राहूनच ती वाढवावी, हा प्रश्न प्रत्येक धर्माच्या उपदेशकांपुढें कधीं ना कधीं उभा राहिला आहे. ख्रिस्ती पाळकांसाठीं निघालेली ‘डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री’ ही पदवी म्हणजे या प्रश्नाला दिलेलें एक उत्तर होय. खानदेशांत तें कितपत पुरें पडतें, हें पाहण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

बंगालमधील सेरामपूर येथें विल्यम केरी व त्याचे सहकारी यांनीं १८१८ सालीं महाविद्यालय काढलें. १८२७ सालीं डेन्मार्कच्या राजानें त्यास पदव्या देण्याची सनद दिली. परंतु ईश्वरविज्ञानाच्या पहिल्या पदव्या तेथें दिल्या गेल्या त्या १९१५ सालीं! केरी हा मूळचा जोडे शिवणारा कारागीर. विद्यापीठाची पायरी तो कधीं चढला नव्हता. तरी १८०७ सालीं अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठानें त्यास डॉक्टर ही सन्मानाची पदवी अर्पण केली. त्यापूर्वींच, १८०५ सालीं, त्याचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें होतें. १८१० सालीं मराठी कोशही निघाला. अर्थात् ज्या भाषेच्या लोकांची सेवा करावयाची, ती भाषा शिकणें हाच त्याच्या पंडिताईचा पाया होता.

आतां खानदेशाकडे वळूं. १९०६ सालीं या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढें जळगांव व धुळें जिल्हे. पूर्वेस भुसावळ, चाळीसगांव या बाजूस व पश्चिमेस नवापूरकडे अमेरिकेंतून आलेल्या मिशनांनीं काम केलें. पैकीं नवापूर १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें. तिकडील मंडळ्या बहुतांशीं भिल्ल समाजाच्या. घरीं मावचीसारखी बोली, देवळांत मराठी शास्त्रवाचन, आणि पाळकास उच्च शिक्षण हवें असल्यास इंग्रजी, अशी ही तीन पायऱ्यांची चढण आहे. १९५३ सालीं यवतमाळ येथें युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली व १९८३ सालीं ती पुण्यास गेली. शिक्षणाची पायरी जसजशी उंच, तसतसा विद्यार्थी आपल्या गांवापासून व बोलीपासून दूर, असा हा क्रम आहे.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेंतही १९७० च्या सुमारास असें दिसून आलें कीं, संशोधनाची डॉक्टरेट अध्यापक घडविते, पाळक नव्हे. तेव्हां ही निराळी पदवी रूढ झाली. कांहीं वर्षें प्रत्यक्ष सेवा केलेल्या पाळकानेंच तिकडे वळावें, मंडळी न सोडतां अभ्यास करावा, आणि स्वतःच्या कामांतलाच एखादा प्रश्न घेऊन त्यावर प्रबंध लिहावा, अशी तिची साधारण योजना आहे.

ही योजना खानदेशास लावून पाहा. नवापूरकडील कित्येक कुटुंबें दरवर्षीं ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात. कित्येक महिने मंडळी अर्धी ओस पडते. मुलांची शाळा सुटते. आजारी माणूस परक्या शिवारांत पडून राहतो. अशा मंडळीचा पाळक कोठें असावा? देवळांत, कीं फडावर? या प्रश्नाचें उत्तर ग्रंथालयांत सांपडणार नाहीं. तें जो तेथें राहतो त्यासच देतां येईल, आणि त्याबद्दल त्यास डॉक्टर म्हटल्यास कोणाचीही हरकत नसावी.

मात्र तो प्रबंध इंग्रजींत लिहून एखाद्या कपाटांत ठेवला गेला, तर ज्यांच्या दुःखावर तो उभा राहिला त्यांस त्याचा उपयोग काय? रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले व पुढें अहमदनगरास धर्मशिक्षणाचें कामही त्यांनीं केलें. तेथें मिळविलेलें ज्ञान त्यांनीं अभंगांत व कीर्तनांत उतरविलें, म्हणूनच तें घरोघर गेलें. त्यांच्या नांवापुढें डॉक्टर ही पदवी कोणी शोधीत बसत नाहीं.

तेव्हां पदवी अवश्य असावी. पण एक अट घालावी. प्रबंधाचा सारांश मराठींत लिहून, शक्य तेथें बोलींत सांगून, पाळकानें तो आपल्या मंडळीपुढें मांडावा व तिच्या शंकांस उत्तर द्यावें. परीक्षकांच्या मंडळांत ऊस तोडून आलेल्या दोन वृद्धांस स्थान मिळालें, तर त्या पदवीचें मोल कमी न होतां वाढेलच.