मोर्तब, हुंडी आणि हॅश : संदेश-प्रमाणीकरणाचा एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

हाती आलेले पत्र ज्याच्या नावाने आले त्याचेच आहे काय, आणि वाटेत त्यातील एखादे अक्षर कोणी बदलले तर नाही ना, हे दोन प्रश्न राज्यकारभाराइतकेच व्यापाराच्याही मुळाशी असतात. संगणकीय व्यवहारात त्यांचे उत्तर अनेकदा ‘एचमॅक’ या पद्धतीने, म्हणजे गुप्त किल्लीसह केलेल्या हॅशद्वारे, दिले जाते. पायथॉन या संगणकभाषेत त्यासाठी दोन-तीन ओळी पुरतात आणि वर्गात ती बहुधा तेवढीच शिकविली जाते. ज्या अडचणींतून ही पद्धत घडली, त्या मात्र मराठी दप्तराला व सराफी पेढीला अपरिचित नव्हत्या. प्रस्तुत लेखात त्या अडचणींचा मागोवा घेतला आहे.

पेढीवरील कागद

जळोची हे बारामतीला लागून असलेले गाव. अठराव्या शतकात बारामतीचे नाव पुणे-साताऱ्यास परिचित होते ते प्रामुख्याने बाबूजी नाईक जोशी यांच्या सावकारी घराण्यामुळे. पहिल्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर १७४० मध्ये रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी याच नाईकांचे नाव पुढे केले होते. बाजीरावाला कर्ज देणारा सावकार त्याच्याच पदाचा उमेदवार व्हावा, यावरून त्या काळी पैशाचे वजन ध्यानी येते. शाहू महाराजांनी पद बाळाजीस दिले, हा भाग सर्वश्रुत आहे. कवी मोरोपंतांना आश्रय मिळाला तोही याच घराण्याचा.

सावकारीचा विस्तार ज्या कागदावर होई तो हुंडीचा कागद. रोख नाणी मैलोगणती वाहून नेण्याऐवजी दूरच्या पेढीच्या नावे चिठ्ठी लिहून देण्याची ही पद्धत होती. रकमेत कोणी फेरफार करू नये म्हणून हुंडीत रक्कम, तिचे निमे आणि त्याची दुप्पट असा तिहेरी उल्लेख करीत. रुपये एक हजार, निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरी. एक आकडा खोडला तर दुसरा साक्ष देई. आजच्या भाषेत ही संदेशातूनच काढलेली पडताळणीची खूण होय, आणि साधा हॅश तत्त्वतः हेच करतो. एसएचए-२५६ हे फलन कितीही लांब मजकुराची २५६ बिटांची खूण काढते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी खूण पार वेगळी होते.

परंतु निमे काढण्यास गुपित लागत नाही. हजाराचे दोन हजार करणारा लबाड निम्याचेही हजार करील. हॅशचेही तसेच आहे. फलन सर्वांना ठाऊक असल्याने मजकूर बदलणारा नवी खूणही काढून जोडू शकतो. पेढ्यांचा भरवसा म्हणूनच केवळ आकड्यांवर नसे. परिचित हस्ताक्षर पाहिले जाई, हुंडी काढल्याची आगाऊ सूचना देणारे वेगळे पत्रही जाई. वाहकाला ठाऊक नसलेले काहीतरी दोन्ही टोकांना ठाऊक असावे लागते. संगणकीय पद्धतीत त्यालाच किल्ली म्हणतात.

शेवटाची राखण

किल्ली मजकुराला जोडायची कशी, हा पुढचा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. किल्ली आधी, संदेश नंतर, आणि दोहोंचा एकत्र हॅश, ही रीत कोणालाही प्रथम सुचेल. तिच्यातील दोष समजण्यास मराठी राजपत्राची रचना उपयोगी पडते. शिवकालीन पत्रात मुख्य शिक्का माथ्यावर असे. पण मजकूर जेथे संपतो तेथे ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे असलेली लहान मुद्रा, म्हणजे मोर्तब, उमटवीत. मर्यादा येथे संपली, यापुढे लिहिलेले आमचे नव्हे. माथ्यावरचा शिक्का कितीही अस्सल असला तरी तळाच्या मोकळ्या जागेत दोन ओळी वाढविणाऱ्याला तो अडवू शकत नाही, हे दप्तरदारांनी ओळखले होते.

एमडी५, एसएचए-१ व एसएचए-२५६ ही फलने मजकुराचे ठरावीक तुकडे करून एकामागून एक घुसळतात. शेवटी हाती येणारी खूण म्हणजे त्या यंत्राची त्या क्षणीची अवस्थाच असते. किल्ली नुसती माथ्यावर ठेवली, तर किल्ली माहीत नसलेला माणूसही तिच्या लांबीच्या अंदाजावरून त्या अवस्थेपासून काम पुढे चालवून संदेशाच्या शेवटी भर घालू शकतो, आणि नवी खूण अस्सल ठरते. फ्लिकर या छायाचित्र-संकेतस्थळाच्या सेवेत हाच दोष असल्याचे २००९ मध्ये थाय दुओंग व ज्युलियानो रिझ्झो यांनी दाखवून दिले. तोवर उपाय प्रसिद्ध होऊन बारा-तेरा वर्षे लोटली होती. मिहिर बेल्लारे, रान कॅनेटी आणि ह्यूगो क्रॉचिक यांनी १९९६ मध्ये एचमॅक मांडले व १९९७ मध्ये ते आरएफसी २१०४ म्हणून नोंदले गेले. त्यात हॅश दोनदा होतो. किल्लीच्या एका रूपासह संदेशाचा, आणि किल्लीच्या दुसऱ्या रूपासह त्या फळाचा. आतली अवस्था बाहेर दिसतच नाही. माथ्यावरचा शिक्का आणि तळाचे मोर्तब एकाच कृतीत साधले, असे म्हणता येईल.

अक्षराची राखण

शिक्का आणि मोर्तब दोन्ही असूनही मधले अक्षर उघडेच राहते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा वध केला. राघोबादादांच्या पत्रातील ‘धरावे’चे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही कथा सर्व इतिहासकारांना मान्य नाही. तरी ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार जनमानसात इतका रुजला, याचे कारण कागदाची ही उणीव सर्वांच्या अनुभवाची होती. मुद्रा कागदाला चिकटते, अक्षरांना नव्हे. एचमॅकची खूण मात्र अक्षराअक्षरातून निघते.

तिच्याही मर्यादा आहेत. पडताळणी करणारा कार्यक्रम दोन खुणा डावीकडून जुळवीत पहिल्या चुकीवर थांबत असेल, तर लागलेल्या वेळेवरून खरी खूण थोडीथोडी उकलते. पायथॉनने यासाठी ‘कम्पेअर-डायजेस्ट’ हे सम-वेळ तुलनेचे फलन ३.३ या आवृत्तीपासून (२०१२) दिले. अस्सल संदेश जसाच्या तसा दुसऱ्यांदा पाठविणाऱ्यालाही एचमॅक एकटे रोखत नाही. सराफ पैसे चुकते झालेली हुंडी रद्द करून ‘खोखा’ म्हणून जपून ठेवीत. महाविद्यालयाचे शुल्क ऑनलाइन स्वीकारणाऱ्या प्रणालीलाही प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक तसाच जपावा लागतो.

याहून मूलभूत अडचण न्यायाची आहे. किल्ली दोघांकडेही असते. त्यामुळे खूण अस्सल ठरली तरी ती दोघांपैकी कोणी काढली, हे तिसऱ्याला सांगता येत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांसारख्या न्यायाधीशासमोर असा पुरावा टिकला नसता. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये अंकीय स्वाक्षरीसाठी खाजगी व सार्वजनिक अशी किल्ल्यांची जोडी सांगितली आहे, ती याचसाठी. खाजगी किल्ली केवळ स्वाक्षरी करणाऱ्याच्या ताब्यात राहते.