मिशिगन विद्यापीठाची कसोटी

विद्यापीठावर राजसत्तेचा दाब येतो म्हणजे काय होते, असे कोणी विचारले तर आपल्या डोळ्यांपुढे कुलूप ठोकलेले दरवाजे आणि जप्त झालेले ग्रंथ उभे राहतात. असे प्रसंग इतिहासात घडले आहेत, हे खरे. परंतु आज ज्या प्रसंगाविषयी बोलावयाचे योजिले आहे, त्यात यांपैकी काहीच घडले नाही. दरवाजे उघडे होते, वर्ग चालू होते, आणि तरीही अमेरिकेतील एका नामांकित सार्वजनिक विद्यापीठाने आपल्याच दोन अध्यापकांना आपल्याच हातांनी घालवून दिले. ही घटना १९५४ सालची, मिशिगन विद्यापीठातली.

हे विद्यापीठ मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर या गावी आहे. त्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला रीजंट मंडळ म्हणतात. त्याचे सभासद राज्यातील मतदार निवडून देतात, आणि १८५० सालच्या राज्यघटनेपासून या मंडळाला विद्यापीठाच्या कारभारात फार मोठे स्वातंत्र्य मिळाले आहे. राज्याचे विधिमंडळदेखील तेथे हवी तशी ढवळाढवळ करू शकत नाही. मग वॉशिंग्टनच्या संघसरकारची गोष्टच सोडा. एवढी भक्कम तटबंदी फार थोड्या विद्यापीठांच्या वाट्याला आली असेल. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढील सारी कथा या तटबंदीचे काय झाले याचीच आहे.

काळ मोठा भीतीचा होता. १९४९ साली रशियाने अणुबाँबचा स्फोट केला, त्याच वर्षी चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला, आणि १९५० पासून तीन वर्षे अमेरिकन तरुण कोरियात मरत होते. घरातच शत्रू लपला आहे, या संशयाने देश पछाडला. सिनेटर मॅकार्थी यांचे नाव आपण ऐकले असेल. पण प्रतिनिधिगृहाची ‘अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी समिती’ त्यांच्या कितीतरी आधीपासून कामाला लागली होती. तिच्या एका उपसमितीचे अध्यक्ष होते मिशिगनचेच प्रतिनिधी किट क्लार्डी.

१० मे १९५४ रोजी लॅन्सिंग येथे या उपसमितीपुढे विद्यापीठातील तीन अध्यापक उभे राहिले : गणिताचे चँडलर डेव्हिस, प्राणिशास्त्राचे क्लेमेंट मार्कर्ट आणि औषधशास्त्राचे मार्क निकरसन. तुम्ही कम्युनिस्ट पक्षात आहात काय, होतात काय, हा मुख्य प्रश्न. तिघांनीही उत्तर नाकारले. मार्कर्ट व निकरसन यांनी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला. कोणासही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे ती सांगते. डेव्हिस यांनी हे कवच मुद्दामच अंगावर घेतले नाही. त्यांनी पहिल्या दुरुस्तीचा, म्हणजे मतस्वातंत्र्याचा आधार घेतला. माझी राजकीय मते विचारण्याचा तुम्हांला अधिकारच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यात तुरुंगाचा धोका होता आणि तो त्यांना ठाऊक होता.

समितीच्या हाती काय होते? साक्षीला बोलावणे, आणि साक्षीदाराने तोंड उघडले नाही तर अवमानाचा खटला भरावयास लावणे. कोणा अध्यापकाला नोकरीवरून काढण्याचा अधिकार तिला काडीइतकाही नव्हता. तो होता केवळ विद्यापीठाला. आणि विद्यापीठाने काय केले? त्याच दिवशी तिघांनाही पगार चालू ठेवून कामावरून दूर केले, आणि स्वतःची चौकशी आरंभिली.

अध्यक्ष हार्लन हॅचर हे कोणी खलपुरुष नव्हते. साहित्याचा अध्यापक म्हणून आयुष्य काढलेला हा मनुष्य. त्यांचा युक्तिवादही वरवर पाहता सरळ वाटतो : संसदेपुढे गप्प बसण्याचा हक्क नागरिकाला असेल, परंतु अध्यापकाने निदान आपल्या विद्यापीठाशी तरी मोकळेपणाने बोलले पाहिजे. खर्चाला पैसा विधिमंडळाकडून यावयाचा आणि लोकमत खवळलेले, हीही त्यांची अडचण होतीच. पण जरा खोलवर पाहा. समितीला जो प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे की नाही याचाच वाद चालला होता, तोच प्रश्न आता विद्यापीठ विचारू लागले. मार्कर्ट व निकरसन यांनी घरची मंडळी म्हणून उत्तरे दिली. पक्ष आपण पूर्वीच सोडला, असे सांगितले. डेव्हिस यांनी तेथेही नकार दिला. जो प्रश्न सरकारने विचारू नये, तो सरकारच्या धाकाने विद्यापीठानेही विचारू नये, ही त्यांची भूमिका.

प्राध्यापकांच्या समितीने मार्कर्ट व निकरसन यांना ठेवावे आणि डेव्हिस यांना काढावे, असा सल्ला दिला. हॅचर यांनी निकरसन यांच्याबाबत तो मानला नाही. ऑगस्टमध्ये रीजंटांनी डेव्हिस व निकरसन यांना बडतर्फ केले. मार्कर्ट ठपका घेऊन कामावर परतले. वर्गात कोण काय शिकवतो, हा या प्रकरणाचा मुद्दाच नव्हता.

यानंतर तीन महिन्यांनीच, नोव्हेंबर १९५४ च्या निवडणुकीत, मिशिगनच्या मतदारांनी क्लार्डी यांना घरी बसविले. डिसेंबरात सिनेटने मॅकार्थींचा निषेध केला. ज्या वादळाला भिऊन विद्यापीठाने घरची माणसे बाहेर काढली, ते वादळ ओसरू लागले होते. विद्यापीठाने थोडा धीर धरला असता तर? हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

निकरसन कॅनडात गेले आणि तेथे औषधशास्त्रात मोठ्या मानाला चढले. मार्कर्ट पुढे जॉन्स हॉपकिन्स व येल येथे गेले. एकच काम करणारे विकर एकाच प्राण्याच्या देहात निरनिराळ्या रूपांत असतात, या विषयावरील त्यांचे संशोधन विख्यात आहे. डेव्हिस यांच्यावर अवमानाचा खटला चालला. १९५९ साली बॅरनब्लॅट नावाच्या दुसऱ्या एका अध्यापकाच्या अशाच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी समितीच्या बाजूने कौल दिला, आणि डेव्हिस यांची आशा संपली. १९६० साली ते सहा महिन्यांच्या शिक्षेसाठी तुरुंगात गेले. तेथे केलेल्या गणितावर त्यांनी पुढे निबंध छापला, आणि या संशोधनास संघराज्याच्या तुरुंगखात्याचे साहाय्य झाले असल्याचे त्याच्या तळटीपेत गंभीरपणे नमूद केले! १९६२ पासून टोरांटो विद्यापीठाने त्यांना आपले म्हटले. २०२२ साली ते वारले.

आणि मिशिगन? १९९० साली तेथील प्राध्यापकांच्या सभेने झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला आणि या तिघांच्या नावे बौद्धिक स्वातंत्र्यावर एक वार्षिक व्याख्यान सुरू केले. हा ठराव प्राध्यापकांचा होता. ज्यांनी बडतर्फीवर शिक्का मारला, त्या रीजंट मंडळाचा नव्हे. व्याख्यानाला दरवर्षी अगत्याने जमणाऱ्या आपल्यासारख्या श्रोत्यांना या प्रायश्चित्ताचे मोल सांगावयास नको. तरी छत्तीस वर्षे उशिरा आलेला खेद गेलेली नोकरी परत देत नाही. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपण म्हणतो. येथे तर दोन्ही दुःखे होती. तटबंदी १८५० पासून उभीच होती आणि तिच्यावर कोणी तोफ डागली नव्हती. दार आतून उघडले गेले, आणि उघडणाऱ्यांना वाटत होते की आपण विद्यापीठ वाचवीत आहोत.