राजहऱ्याचा डोंगर, तांदुल्याचं पाणी

भिलाईत डोंगर नाही. धानाच्या सपाट मुलखात वसलेलं हे गाव, उंच म्हणावं तर प्लांटच्या चिमण्याच. तरी आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा फिरून डोंगरावरच यायच्या. आजोबांच्या बोलण्यात राजहऱ्याचा डोंगर असायचा, आजीच्या बोलण्यात ऊन आणि दुष्काळ. एकाच इतिहासाचे हे दोन तुकडे आहेत, हे कळायला मला बराच वेळ लागला.

आजोबा नागपूरचे. भिलाईचा पाया नागपूरच्या अजब बंगल्यात घातला गेला, असं ते ठासून सांगत. ती थाप नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा नागपूरला आले, ते चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खाणीचा नाद सोडतोय हे सरकारला कळवायला. साहेबांची भेट व्हायला वेळ होता म्हणून ते समोरच्या संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात शिरले आणि तिथल्या भूगर्भ नकाशात त्यांना दुर्गकडचं लोखंड दिसलं. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्येच तिथल्या दल्ली-राजहऱ्याच्या लोहखनिजाची नोंद करून ठेवली होती. टाटांची माणसं डोंगर चढली, तेव्हा पायाखाली धातू वाजावा तसा आवाज आला म्हणतात. इथवर आलं की आजोबा टाचेनं फरशी वाजवून दाखवत.

लोखंड उत्तम होतं, पण कोळसा झरियाला आणि मोठं पाणी महानदीला. संबळपूरजवळच्या पदमपूरला कारखाना काढायचाही विचार झाला. तेवढ्यात १९०४ मध्ये त्याच बोसबाबूंचं पत्र आलं, की मयूरभंजात याहून सोयीचं खनिज आहे. टाटा तिकडे वळले, जमशेदपूर उभं राहिलं आणि राजहरा अर्धं शतक तसाच पडून राहिला.

आजीचं माहेर बालोदकडचं. भोसल्यांच्या काळात छत्तीसगडात आलेल्या मराठी घरांपैकी एक. तिच्या थोरल्यांनी १८९९-१९०० चा छपन्नचा दुष्काळ काढला होता. धान जळालं, माणसं पाला उकडून खात होती, असं ती ऐकलेलं सांगायची. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी असाच एक दुष्काळ येऊन गेलेला. पुढे सरकारनं सिंचनाची मोठी कामं हाती घेतली. बालोदजवळ तांदुला आणि सुखा या नद्यांवर १९१० मध्ये धरण सुरू झालं, १९२१ मध्ये पुरं झालं. ते बांधलं भातशेतीसाठी.

१९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी पोलादाचा करार झाला, तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती. कारखान्यासाठी भिलाई ठरली: राजहऱ्याचं लोखंड तिथून सुमारे नव्वद किलोमीटरवर, मुंबई-हावडा रेल्वे दारात, आणि पाणी तांदुल्याचं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली.

आजोबा त्याच भट्टीवर लागले. त्यांच्या खिशात कायम निळ्या काचेचा तुकडा असे, भट्टीच्या आत बघायला. नवतप्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि समोर साडेचौदाशे अंशांचं वाहतं लोखंड. घरी आले की खाकी सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असत. आजीनं पहाटे डब्यात दिलेली असे बासी: रात्रभर पाण्यात भिजलेला भात, मीठ, कांदा, हिरवी मिरची. नागपूरच्या माणसानं सुरुवातीला नाक मुरडलं. पहिल्या उन्हाळ्यानंतर स्वतःच मागू लागला.

त्यांना काम शिकवणारा रशियन उरल पर्वताकडचा होता. उणे तीस अंशांतून आलेला तो माणूस मे महिन्यात ओला पंचा डोक्यावर घेऊन फिरे. त्याच्या मुलखात माग्नितनाया नावाचा डोंगर होता. तिथल्या चुंबकी लोखंडानं होकायंत्राची सुईसुद्धा चळायची. १९३२ मध्ये त्याच्या पायथ्याशी माग्नितोगोर्स्कची पहिली भट्टी पेटली आणि त्या शतकातच डोंगराचा बराचसा भाग खाऊन झाला. तो आजोबांना म्हणाला होता, "तुमचाही जाईल." आजोबा हसले होते.

राजहऱ्याचे खडक दोनशे कोटी वर्षांहून जुने. ते फोडणारे हात बहुतेक आदिवासींचे, ठेकेदाराकडे राबणारे. शंकर गुहा नियोगींनी १९७७ मध्ये त्यांची संघटना बांधली, म्हणून तरी ते हात जगाला दिसले. भिलाईचे रूळ देशभर गेले, काश्मीरच्या बोगद्यांपासून कोकणच्या घाटांपर्यंत. आज राजहऱ्याला गेलात तर डोंगराच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा दिसतो. चांगलं खनिज संपत आलं आहे आणि प्लांटची नजर आता नारायणपूरच्या रावघाटावर आहे.

रावघाटही डोंगरच आहे, तिथेही आदिवासी गावं आहेत, आणि तिथल्या आजोबांकडेही गोष्टी असतील. खोदकामाचा हिशेब टनांत मांडताना त्या गोष्टीही कुणीतरी आत्ताच लिहून ठेवाव्यात. पाऊस झाला की तांदुला पुन्हा भरतो. डोंगर पुन्हा भरत नाही.