कोर्लईचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याची भाषा

रेवदंड्याहून खाडीवरचा पूल ओलांडून दक्षिणेला निघाले, की उजव्या हाताला समुद्रात घुसलेला एक लांबट डोंगर दिसतो. हा कोर्लईचा डोंगर. उंची जेमतेम शंभर मीटर. पश्चिमेकडच्या उतारावर १९५५ साली बांधलेले दीपगृह आहे. तिथून पायऱ्यांची वाट सुरू होते आणि थोड्याच वेळात माणूस किल्ल्याच्या तटाशी पोचतो.

पायाखालचा काळा दगड ज्वालामुखीचा आहे, पण हा डोंगर म्हणजे ज्वालामुखी नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. थरावर थर साचत गेले. पुढे पावसाने, नद्यांनी आणि लाटांनी बरेचसे झिजवून नेले. जे उरले त्यात सह्याद्रीचे कडे आहेत, तसाच हा छोटा डोंगरही.

कुंडलिकेच्या मुखावर त्याची जागा अशी, की ज्याच्या हाती डोंगर, त्याच्या तोफांच्या टप्प्यात चौलचे बंदर. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये खाडीच्या उत्तर तीरावर, आजच्या रेवदंड्यात, किल्ला बांधायला घेतला. समोरचा डोंगर मात्र अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता. बुऱ्हाण निजामशहा दुसरा याने तिथे तटबंदी उभारून पोर्तुगीजांना कोंडीत धरले. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून डोंगर घेतला आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षे तो राखला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता ढासळली. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

इथवरचा इतिहास दरवाजे, बुरूज आणि पडक्या प्रार्थनाघरातून वाचता येतो. पण या डोंगरावरच्या सत्तेची सगळ्यात टिकाऊ खूण माथ्यावर नाही, पायथ्याच्या गावात आहे. अधिकारी गेले, सामान्य ख्रिस्ती कुटुंबे राहिली. पोर्तुगीज शिपाईगडी आणि ख्रिस्ती झालेले स्थानिक लोक यांच्या सहवासातून घडलेली बोली ती घरात बोलत राहिली. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा.

अशा बोली एके काळी वसई-मुंबईच्या पट्ट्यातही होत्या. गोव्याचे भाषापंडित सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये उत्तरेकडच्या या बोलींवर लिहिले. पुढे वसई-मुंबईकडची बोली लोपली, कोर्लईची राहिली. राजाश्रय नव्हता, लिपी नव्हती, छापलेले पुस्तक नव्हते. तिला वेगळेपणाने तारले. धर्म शेजाऱ्यांहून निराळा, त्यामुळे लग्नसंबंध आपसातच. मधल्या खाडीमुळे बाहेरची वर्दळ कमी. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये या भाषेवर आख्खे पुस्तक लिहिले.

म्हणून ती जशीच्या तशी राहिली असे मात्र नाही. शब्द बरेचसे पोर्तुगीज मुळाचे असले, तरी वाक्याची ठेवण मराठीच्या वळणाने गेली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते, इथे ते मराठीसारखे शेवटी जाते. देवघेव दोन्हीकडून झाली. पाव, पगार, चावी, घमेले हे शब्द मराठीने पोर्तुगीजकडून घेतले आणि ते परके होते हे आपण विसरूनही गेलो.

आता खाडीवर पूल आहे. शाळा मराठीत, नोकऱ्या बाहेरगावी. ज्या एकटेपणाने भाषा जगवली ते संपले आहे, आणि ते संपू नये असे गावाला कोणी कोणत्या तोंडाने सांगावे? रस्ता, शिक्षण, रोजगार हा त्यांचाही हक्क आहे. प्रश्न एवढाच, की मराठी शिकण्यासाठी घरची बोली सोडावी लागते, हा समज आपण मोडू शकतो का. हजाराच्या आसपास माणसांच्या या भाषेचे पुढचे आयुष्य घरात आई मुलाशी काय बोलते यावर जितके अवलंबून आहे, तितकेच वर्गात त्या मुलाच्या बोलण्याला कोणी हसते की नाही यावरही आहे.

किल्ला पाहून उतरणारे बहुतेक जण दीपगृहापाशी गाडीत बसतात आणि गावातून न थांबता निघून जातात. गावात थोडे थांबावे. एखाद्या अंगणातून ती भाषा अजूनही कानावर येते.